खणापासून ब्लाउजपर्यंत



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींच्या मुखावर स्मित उमटलें असेल. ज्या माणसाचें आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेलें, त्यानें स्त्रियांच्या चोळीविषयीं बोलावें, हें जरा विपरीतच. परंतु इतिहास शिकविण्याचें काम मीं पुष्कळ वर्षें केलें आणि त्या कामानें एक खोड जडली. घरांतील कोणतीहि वस्तु पाहिली म्हणजे ही येथें कोठून आली, आणि हिच्यापूर्वीं हिच्या जागीं काय होतें, असे प्रश्न मनांत आपोआप उभे राहतात. तरवारी आणि तह यांचा इतिहास आपण मुलांकडून पाठ करून घेतों. पण जें वस्त्र आपल्या आया-बहिणी नित्य अंगावर वागवितात, त्याचा इतिहास ट्रंकेच्या तळाशीं घडी घालून ठेविलेला असतो. आज ती घडी थोडी उलगडावी, असा विचार आहे.

निमित्त घरचेंच घडलें. गोंदिया शहराला लागून असलेलें फुलचूर हें आमचें गांव. माझ्या पुतणीचें लग्न ठरलें. मुलगी चणीनें लहान. उंची 4 फूट 10 इंच, खांदे अरुंद, हात सडपातळ. तिच्यासाठीं भंडारा जिल्ह्यांतील एका विणकराच्या घरून कोशाचें सुरेख कापड आणलें. रंग मधासारखा, किनार करवती. शहरांतल्या एका शिंप्याकडे तें शिवावयास दिलें. ब्लाउज शिवून आला तो असा कीं, खांदा दंडावर उतरलेला, गळा पाठीवर घसरलेला, बाही कोपराच्याहि खालीं गेलेली, आणि किनार एवढी रुंद कीं मुलीचा अर्धा हात तिनेंच गिळलेला. आम्हीं तक्रार केली तेव्हां ते गृहस्थ शांतपणें म्हणाले, "मास्तर, कापड उत्तम आहे, शिलाई उत्तम आहे. ताईंचें अंगच लहान पडतें, त्याला मी काय करूं?"

मुलगी तेथें कांहीं बोलली नाहीं. घरीं आल्यावर तिनें तो ब्लाउज पिशवींतून बाहेरहि काढला नाहीं. रात्रीं आईला एवढेंच म्हणाली, "मी साधाच सुती घालीन. रेशीम उंच बायकांनाच शोभतें." शिंप्याच्या वाक्यापेक्षां हें वाक्य मला अधिक लागलें. कापड चुकलें असें कोणी म्हणालें नाहीं, कात्री चुकली असें कोणी म्हणालें नाहीं. चुकलें तें मुलीचें अंग! आणि मुलीनें तो निवाडा निमूटपणें मान्यहि केला.

तेव्हां माझ्या वहिनींनीं जुनी ट्रंक उघडून माझ्या आजीची रेशमी खणाची चोळी बाहेर काढली. आजीहि अशीच ठेंगणी होती. चुलीपुढें उभी राहिली तरी बसल्यासारखी दिसे, असें घरांत थट्टेनें म्हणत. पण तिच्या चोळीविषयीं कोणी कधीं "बसत नाहीं" असा शब्द काढल्याचें कोणास स्मरत नव्हतें. तीं दोन वस्त्रें आम्हीं खाटेवर शेजारीं शेजारीं मांडलीं, आणि त्या दोहोंमधील अंतर कसें पडलें, याचा मी शोध करूं लागलों.

चोळी हें वस्त्र फार जुनें आहे. अमरकोशांत 'चोल' आणि 'कूर्पासक' हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आहेत. 'कंचुकी' हा शब्द तर संस्कृत काव्यांत पदोपदीं भेटतो. केवळ शब्दच नव्हे तर चित्रहि आपल्या महाराष्ट्रांतच उपलब्ध आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत महाजनक जातकाचा प्रसंग रंगविलेला आहे. त्यांतील नर्तकीच्या अंगांत लांब बाह्यांची शिवलेली चोळी स्पष्ट दिसते. मौज अशी कीं, त्याच भिंतींवरील कित्येक राजस्त्रियांचें वरचें अंग केवळ अलंकारांनीं आणि तलम उत्तरीयानें शोभलेलें आहे. म्हणजे शिवलेली चोळी ही त्या काळीं कुलीनतेची खूण नव्हती. पुढें तीच चोळी घरंदाजपणाचें लक्षण ठरली. वस्त्रांचा मान हा असा बदलतो. समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं 1951 सालीं भारतीय वेशभूषेवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो चाळला म्हणजे असे पालट किती वेळां झाले, हें ध्यानांत येतें.

मराठी चोळीचा मूळ घटक म्हणजे खण. आपल्या बोलींत 'खण' हा शब्द कापडाचा आहे तसाच तो मापाचाहि आहे: एका चोळीला लागेल तेवढें कापड म्हणजे एक खण. या कापडाचें मोठें माहेरघर म्हणजे आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत असलेलें गुळेदगुड्ड. तेथील विणकरांनीं अरुंद पन्ह्याचें, दोन्ही बाजूंस काठ असलेलें आणि अंगभर बारीक नक्षी उठविलेलें हें कापड विणावें, व्यापाऱ्यांनीं त्याच्या त्रिकोणी घड्या घालून तें देशावर आणावें, आणि आपल्या बायकांनीं तें नारळाबरोबर एकमेकींच्या ओटींत घालावें, अशी ही साखळी. खणानारळानें ओटी भरणें, साडीचोळी देऊन बोळवण करणें, भाऊबीजेला चोळी घालणें, हे सारे प्रयोग पाहिले म्हणजे चोळी हें नुसतें वस्त्र नसून नात्याची पावती होती, हें उमगतें.

आतां या चोळीची रचना पाहा. आजीच्या चोळीची शिवण मीं पत्नीच्या सुईनें एका बाजूनें हलकेच उसवून पाहिली. काठ खालच्या घेराला आणि बाह्यांच्या टोकाला येईल असा बेतलेला. बगलेंत निराळ्या कापडाचा चौकोनी तुकडा; घामानें तेथील कापड प्रथम कुजतें, म्हणून तो तुकडा बदलतां येई आणि मूळ खण वांचे. पुढचे दोन्ही पदर लांब सोडलेले, कारण गुंड्या नव्हत्याच. छातीखालीं गांठ मारावयाची. या गांठींतच सारें मर्म आहे. गांठ ज्या बाईची ती तिच्या अंगाप्रमाणें बसते. बाई बारीक असली तर गांठ अधिक ओढली जाते, भरली असली तर सैल सुटते. आणि शिवणीच्या आंत चांगलें बोटभर कापड दुमडून ठेविलेलें होतें, त्यावर सुईच्या जुन्या छिद्रांच्या तीन रांगा दिसल्या. वहिनी म्हणाल्या, "एक रांग लग्नांतली, एक मुलें झाल्यावरची, आणि ही शेवटची म्हातारपणची." एकाच चोळीनें एका बाईचें सबंध आयुष्य मोजलें होतें, आणि तीनहि वेळां बाईला नव्हे, चोळीला बदलावें लागलें होतें.

परंतु जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. ही चोळी सर्व स्त्रियांना मोकळी होती, असें नाहीं. माझ्याच आजीच्या काळच्या महाराष्ट्रांत केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला तांबडें आलवण नेसावें लागे आणि चोळी वर्ज्य असे. नवऱ्याबरोबर कुंकू जाई, बांगड्या जात, आणि चोळीहि जाई. बारा-तेरा वर्षांच्या बालविधवेला सुद्धां पदरानेंच अंग झांकून जन्म काढावा लागे. पंडिता रमाबाईंनीं 1889 सालीं शारदा सदन काढलें, धोंडो केशव कर्वे यांनीं 1893 सालीं त्याच सदनांतील विधवा गोदूबाईंशीं विवाह केला आणि 1896 सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला. या संस्थांनीं विधवांना अक्षरें दिलीं, हें आपण मुलांना शिकवितों. पण अक्षरांबरोबर अंगभर वस्त्रांतला साधा माणुसकीचा वावरहि परत मिळाला, हें पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाहीं.

दक्षिणेंतील त्रावणकोर संस्थानांत तर हा प्रश्न रस्त्यावर आला. तेथें नाडार जातीच्या स्त्रियांना वरचें अंग झांकण्याची मनाई होती. त्या स्त्रियांनीं चोळी घालण्यासाठीं कित्येक दशकें मार खाल्ला. शेवटीं 1859 सालीं संस्थानानें जाहीरनामा काढून त्यांना अंग झांकण्याची मुभा दिली. तीहि अशा अटीवर कीं, वरच्या जातींच्या स्त्रियांसारखी त्यांनीं वेशभूषा करूं नये. आमच्या या पूर्वेकडील झाडीच्या मुलखांत मनाई नव्हती, पण गरिबी आणि रिवाज होते. धानाच्या बांधींत राबणाऱ्या कित्येक बायकांचें सारें वस्त्र म्हणजे एक आंखूड लुगडें. चोळी ही सणासुदीची किंवा परगांवच्या वाटेची. म्हणून कोणी "चोळी ती काय, एक हात कापड" असें म्हटलें, तर तें इतिहासाला धरून होणार नाहीं. त्या हातभर कापडासाठीं माणसें झगडलेलीं आहेत.

एकोणिसाव्या शतकांत या गांठीच्या चोळीला नवीन सोबतिणी मिळाल्या. त्यांचीं नांवेंच त्यांची जन्मकथा सांगतात. 'पोलकें' हा शब्द आपण इतका पचविला आहे कीं तो परका वाटत नाहीं. पण तो 'पोल्का' या युरोपीय नृत्यापासून आलेला आहे. 1840 च्या सुमारास त्या नृत्याचें युरोपांत वेड पसरलें, तेव्हां एका घट्ट, पुढून बंद होणाऱ्या जाकिटाला तें नांव पडलें, आणि तें जाकीट मडमांबरोबर हिंदुस्थानांत उतरलें. 'झंपर' म्हणजे इंग्रजी 'जंपर'. आणि 'ब्लाउज' हा फ्रेंच शब्द इंग्रजीच्या खांद्यावर बसून आला. चोळी, पोलकें, झंपर, ब्लाउज हे चार शब्द एकापुढें एक मांडले तर दीडशें वर्षांच्या सामाजिक इतिहासाचीं चार प्रकरणें होतात.

या पालटांत मुंबईचा वाटा मोठा. 1864 सालीं सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी सनदी अधिकारी मुंबई इलाख्यांत नेमले गेले आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर मुंबईस आल्या. बंगालच्या अंतःपुरांत स्त्रिया एकेरी साडी नेसत. ती नेसून चारचौघांत जाणें अशक्य होतें. ज्ञानदानंदिनींनीं मुंबईच्या पारशी स्त्रियांची साडी, आंतील झंपर व परकर हीं पाहिलीं, आत्मसात केलीं आणि बंगालमध्यें नेलीं. आज सर्व भारतांत जी साडी-ब्लाउजची जोडी 'पारंपरिक' म्हणून मिरविते, तिच्या घडणींत मुंबईच्या या मुक्कामाचा मोठा भाग आहे.

आमच्या मराठी मुलखांतील उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. 1883 सालीं त्या वैद्यकीचें शिक्षण घेण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. तेथील थंडींत आणि तेथील लोकांच्या दृष्टीपुढें नऊवारी कासोटा, उघड्या पोटऱ्या आणि आंखूड चोळी यांनीं निभाव लागेना. परदेशी झगा तर घालावयाचा नाहीं, असा निश्चय. तेव्हां त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसून वर लांब बाह्यांचें पोलकें घालण्याचा मार्ग काढला. 1886 सालीं त्यांनीं फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. वस्त्र बदलणें म्हणजे धर्म बुडविणें, असें मानणाऱ्या काळांत त्या तरुण मुलीनें दोन्ही कांठ सांभाळले.

पुढें राजा रविवर्म्यांनीं 1894 सालीं मुंबईंत शिळाप्रेस काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती भरजरी साड्या नेसून व चोळ्या घालून घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. देवीच जें नेसते तें सुनेनें नेसलें तर सासूनें काय बोलावें? त्यानंतरचें काम रंगभूमीनें केलें. बालगंधर्वांची भूमिका पाहून आलेल्या सुशिक्षित स्त्रिया त्यांची साडी, पदर, केशरचना आणि पोलक्याची ठेवण यांचें अनुकरण करीत, हें पुष्कळांनीं लिहून ठेविलें आहे. एका पुरुषानें स्त्रियांना स्त्रीवेषाचा पाठ द्यावा, हें जगाच्या इतिहासांत विरळाच! मला तरी आज चोळीवर बोलतांना या गोष्टीचा थोडा आधार वाटतो.

मात्र खरी क्रांति रंगभूमीनें केली नाहीं. ती शिवणयंत्रानें केली. आयझॅक सिंगर यांनीं 1851 सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें आणि कांहीं दशकांत तें यंत्र हिंदुस्थानच्या बाजारपेठांत येऊन पोंचलें. 1936 सालापासून वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामीं राहिलेले महात्माजी यंत्रांचे केवढे टीकाकार! पण 1924 सालच्या एका संभाषणांत त्यांनींहि शिवणयंत्राला अपवाद म्हणून मोकळीक दिली, कारण त्याच्या मुळाशीं बायकोचे कष्ट हलके करण्याची प्रेमळ बुद्धि होती, असें त्यांचें म्हणणें होतें. यंत्र आलें तशी गांठ गेली आणि हुक आले. पदर गेला आणि टक आले. चोळी घरांत हातानें शिवली जाई, ती आतां बाजारांत शिंप्याकडे गेली.

येथें आपल्या मूळ प्रश्नाचा धागा हातीं येतो. गांठीची चोळी अंगाशीं तडजोड करी. हुकाचा ब्लाउज अंगाला हुकूम सोडतो. त्याचें माप अगोदर ठरतें आणि तें अर्ध्या इंचानेंहि चुकलें तर लपत नाहीं. माप नीट घेतलें तर हुकाचा ब्लाउज चोळीहून सुबक बसतो, हें खरें; पण माप घेण्याऐवजीं ठरीव कागदी नमुना ठेवून कापलें, म्हणजे सरासरी बाईचा ब्लाउज तयार होतो, आणि सरासरी बाई तर कोणाच्याच घरीं नसते.

हीं ठरीव मापें आलीं कोठून? अमेरिकेच्या शेतकी खात्यानें 1939 आणि 1940 या वर्षांत सुमारें 15,000 स्त्रियांचीं मापें घेतलीं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनीं त्यांचा अहवाल 1941 सालीं प्रसिद्ध केला. तयार कपड्यांच्या आंकड्यांचा तो एक मोठा पाया. त्या हिशेबांत केवळ गोऱ्या स्त्रियांचींच मापें धरलीं होतीं. त्याच दशकांत न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय यांनीं लहान चणीच्या स्त्रियांसाठीं निराळ्या मापाचे कपडे काढले, आणि 'पेटीट' हा फ्रेंच शब्द व्यापारांत रूढ झाला. तिकडे सुमारें 5 फूट 4 इंचांच्या आंतील स्त्री या वर्गांत मोडते. आतां आपल्याकडे पाहा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारें 152 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम 5 फूट. तात्पर्य, त्यांच्या बाजारांत जी अपवाद म्हणून निराळ्या कपाटांत ठेविली जाते, ती आपल्या घरांतील नेहमींची गृहिणी आहे! राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनें भारतीयांचीं स्वतंत्र मापें ठरविण्यासाठीं सुमारें 25,000 स्त्रीपुरुषांच्या मोजणीचा उपक्रम अलीकडच्या वर्षांत हातीं घेतला, तो याच उणिवेमुळें. माझ्या पुतणीचें अंग लहान पडलें नव्हतें. दुसऱ्यांचें माप तिला मोठें पडलें होतें.

आतां कापडाविषयीं दोन शब्द, कारण रेशीम म्हटलें कीं सारें एकच, अशी समजूत आहे. तुतीचीं पानें खाणाऱ्या किड्याचें रेशीम निराळें आणि आमच्या रानांतला कोसा निराळा. कोशाचा किडा गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतो. ढिवर समाजाचीं माणसें पाखरें आणि मुंग्या यांपासून त्याची राखण करीत रानांत बसतात. कठीण कवचाचे ते कोश क्षारयुक्त पाण्यांत उकळून मऊ करावयाचे आणि मग त्यांतून धागा काढावयाचा. जुन्या रीतींत बायका तो मांडीवर वळून काढीत. हा धागा तुतीच्या रेशमाहून जाड व थोडा उंचसखल असतो, म्हणून कापडाला किंचित खरखर आणि ताठपणा येतो. रंग निसर्गतःच मधाचा किंवा गव्हाळ. आमच्या उन्हाळ्यांत हें कापड अंगाला सुखद वाटतें. भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी-आंधळगांवच्या बाजूस कोष्टी विणकर त्याचें लुगडें विणीत आले. कोशाचें अंग आणि सुती किनार यांच्या सांध्यावर करवतीच्या दांत्यांसारखी नक्षी येते, ती करवती साडी. तीन धोट्यांनीं तो सांधा विणावा लागतो. अशा कापडावर कात्री चालविणाऱ्यानें विणकराच्या कष्टाचें थोडें भान ठेवावें, एवढी तरी अपेक्षा गैर नाहीं.

कोशाच्या या ताठपणाचा परिणाम लहान चणीच्या अंगावर विशेष होतो. तलम रेशीम अंगावरून ओघळतें. कोसा उभा राहतो. म्हणून फुग्यांच्या बाह्या, चुण्या, झालरी हे प्रकार कोशांत केले तर ते दोन्ही बाजूंस फुगून ठेंगण्या बाईला आडवी करून टाकतात. तिच्यासाठीं साधी, दंडाशीं सरळ बसणारी बाहीच चांगली.

ही माहिती मला कोठल्या ग्रंथांत मिळाली नाहीं. आमच्याच गांवांत शिवणकाम करून घर चालविणारी एक बाई आहे. तो बिघडलेला ब्लाउज आणि आजीची चोळी घेऊन आम्ही तिच्याकडे गेलों. तिनें मुलीला आरशापुढें उभें केलें आणि पहिल्यानें खांदा मोजला. ती म्हणाली, "मास्तर, लोक छातीपासून माप घेतात. लहान अंगाला आधीं खांदा. खांदा अर्धा इंच जास्त झाला कीं गळा घसरतो, आणि गळा घसरला कीं बाई सगळा वेळ पदर सांवरीत बसते." मग तिनें एकेक गोष्ट सांगितली, ती मीं जुन्या संवयीप्रमाणें वहींत टिपून घेतली.

बाही कोपराच्या वर चार बोटें संपावी; कोपरावर संपली तर हात आंखूड दिसतो. किनार दोन बोटांहून रुंद नको, आणि ती बाहीलाच असावी. गळा, पाठ, घेर सगळीकडे काठ लावला तर अंगाचे तुकडे पडल्यासारखे दिसतात. गळा पुढून बेताचा खोल आणि थोडा उभट असला म्हणजे मान मोकळी दिसते. नक्षी बारीक असावी. मोठा मोर अरुंद पाठीवर मावत नाहीं. साडी आणि ब्लाउज एकाच रंगाच्या जवळपासचे असले तर उंची अखंड राहते. भडक विरुद्ध रंगानें बाई मध्येंच कापली जाते. अस्तर मऊ सुती घ्यावें, आणि तें अगोदर भिजवून आंखडवून घ्यावें, नाहींतर पहिल्या धुण्यांतच अस्तर ओढतें आणि रेशमाला सुरकुत्या पडतात. कोशाला इस्त्री उलट्या बाजूनें, किंचित ओलसर असतां, बेताच्या उष्णतेवर करावी. घाम हा रेशमाचा वैरी. घालून झाल्यावर सांवलींत वारा लागूं द्यावा, मगच घडी करावी.

शेवटीं तिनें आजीची चोळी हातांत घेतली, आंतली शिवण उलटी करून सुईच्या त्या तीन रांगा पाहिल्या आणि म्हणाली, "केवढी माया ठेवली आहे हो या बाईनें!" श्रोतेहो, शिवणीच्या आंत पुढच्या दिवसांसाठीं जें जादा कापड राखून ठेवितात, त्याला आपल्या मराठी शिवणकामांत 'माया' म्हणतात. शब्दकोशांत या शब्दाचे अनेक अर्थ आहेत; मीं ते वर्गांत कित्येकदां सांगितले आहेत. पण हा अर्थ मला साठीनंतर त्या बाईच्या ओसरीवर शिकावयास मिळाला. शहराच्या ब्लाउजांत कापड भरपूर होतें, पण तें सारें बाहेर होतें. माया म्हणून आंत एक दोराभरहि नव्हतें.

तिनें तो ब्लाउज सबंध उसविला. हातानें टांके घालणाऱ्या आजीच्या पिढीचें तें काम नव्हे. तिचें यंत्र विजेवर चालतें. पण खांदे कापून आंत घेतले ते मात्र तिनें हातानेंच, दोनदां अंगावर घालून पाहून. रुंद किनार चिरून तिची दोन बोटांची पट्टी केली. उरलेल्या पट्टीची बटव्याला झालर झाली. बगलेंत आजीच्या चोळींतल्यासारखा निराळा तुकडा घातला आणि शिवणींत बोटभर माया ठेविली. चौथ्या दिवशीं ब्लाउज घरीं आला. मुलगी तो घालून माजघरांत आली तेव्हां कोणी कांहीं म्हणालें नाहीं. ती स्वतःच आरशापुढें थोडा वेळ उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "काका, हा माझाच आहे." लग्नांत तिनें तोच घातला.

मूर्ति लहान पण कीर्ति महान, ही म्हण आपण लहान चणीच्या माणसांच्या समाधानासाठीं वापरतों. मला आतां वाटतें कीं, समाधानाचें कारणच काय? चुकीचें माप लावून आधीं माणसाला लहान ठरवावयाचें आणि मग म्हणीनें त्याची समजूत घालावयाची, ही रीत कांहीं बरी नव्हे. आणि ती केवळ चोळीपुरती राहत नाहीं. मी शाळेंत असतांना एकच परीक्षा साऱ्या वर्गाला लावून जीं मुलें तींत बसलीं नाहींत त्यांना "यांची बुद्धि कमी पडते" असें कितीदां म्हटलें असेन, तें आठवून मी त्या शिंप्याला मनोमन क्षमा केली आहे.

आपल्या घरांत जुनी ट्रंक असेल, तर तींतील एखादी चोळी सवडीनें काढून आंतल्या बाजूनें पाहावी. बाहेरची नक्षी विणकराची; आंतली शिवण ही घरच्या बाईची आहे. ती कसर लागून जाण्यापूर्वीं घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना, ही कोणी, कधीं, कोणासाठीं शिवली, एवढें विचारून कागदावर टिपून ठेवावें आणि तो कागद चोळीच्या घडींतच ठेवावा. आमच्या घरीं तसा एक कागद आतां ठेविला आहे, आणि पुतणीच्या ब्लाउजाविषयींच्या चार ओळीहि त्यावर लिहिल्या आहेत.